कोपनहेगन किती लांब

आमच्या अंथुर्ण्याच्या घरात कॅलेंडरशेजारी एका बारीक खिळ्याला एक पोस्टकार्ड अडकवलेलं आहे. पाण्याच्या कडेनं ओळीत उभी राहिलेली उंच, अरुंद घरं आणि पाण्यात होड्या. कधीकाळी त्यातलं एक घर लालभडक होतं, एक पिवळंधमक, एक निळं. समोरच्या दारातून येणाऱ्या उन्हानं आता सगळीच फिकट पडली आहेत. ते कोपनहेगन आहे, डेन्मार्कची राजधानी. आमच्या गावात हे नाव न अडखळता म्हणणारी तीनच माणसं होती: माझे वडील, मी आणि माझी आई. त्यातल्या आईला वाचता येत नव्हतं.

हे कार्ड आलं कसं ते सांगते. माझे वडील, म्हणजे तात्या, बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात सेपरेटरवर होते. सेपरेटर म्हणजे दुधातून साय वेगळी काढणारं यंत्र. ते डेन्मार्कहून आलं तेव्हा ते बसवायला तिकडचा एक इंजिनिअर बारा दिवस येऊन राहिला होता. कॅन्टीनचं तिखट त्याला सोसेना. दुसऱ्या दिवशी तात्यांनी आपल्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि पेलाभर दूध त्याच्यापुढं सरकवलं. तो सगळं जेवला. मग उरलेले दिवस आईनं त्याच्यासाठी दोन भाकरी जास्त बांधल्या. जाताना त्यानं हे कार्ड काढलं, पिवळ्या घरावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर, मग तात्यांच्या. माझ्या गावाला या. तात्या म्हणाले, येतो. आमच्याकडं कुणी या म्हणालं की येतो म्हणायची रीत आहे. त्याचा जाण्याशी काही संबंध नसतो.

आईनं मात्र तो शब्द धरून ठेवला. "त्यानं बोलवलंय, तुमी व्हय म्हणून बसलाय, मग जाया पायजे," असं ती कार्डावरची धूळ पुसताना दर दिवाळीला म्हणायची. आम्ही हसायचो. तीसएक वर्षं हसलो.

आई वरकुट्याकडची. तिच्या माहेरी मेंढरं होती. दर वर्षी दिवाळी झाली की घोड्यांवर संसार लादून त्यांचा वाडा घाट उतरून कोकणात जायचा आणि उन्हाळ्याच्या शेवटाला परत यायचा. हा वाडा म्हणजे इमारत नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री, बायका, पोरं असा सगळा चालता मुक्काम. लग्न होऊन ती अंथुर्ण्यात आली तेव्हा आमच्या आजोबांनी मेंढरं विकून टाकली होती, कालव्याचं पाणी आलं होतं आणि घराच्या चारी बाजूंनी ऊस उभा होता. सारं बालपण चालण्यात गेलेली बाई चाळीस वर्षं एका ओट्यावर बसली. कुठं जायचं नाव निघालं की तिच्या पायांची बोटं हलायची. ती मांडी घालून बसलेली असली तरी हलायची, मी कितीदा पाहिलंय.

तात्या निवृत्त झाले आणि एका रविवारी सकाळी मी ओट्यावर बसून जाहीर केलं की पुढच्या जूनमध्ये आपण तिघं कोपनहेगनला जाणार. माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. माझं वय तेव्हा अडतीस, लग्न झालेलं नाही, आणि गावानं ते विचारणंही सोडून दिलेलं. मी एमआयडीसीतच दुसऱ्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करते. दुधात पाणी असलं की आहे म्हणून सांगणं हे माझं काम. समोर पुढारी असो की पाव्हणा, मी तोंडावर सांगते. त्यामुळं पंचक्रोशीत मी फटकळ म्हणून ओळखली जाते, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा जरा अभिमानही होता.

आधी मी एका ट्रॅव्हल कंपनीची माहिती वाचून दाखवली. नऊ दिवसांत पाच देश. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मेंढरांना बी दुपारचं बसू देत्यात गं." तिथंच ते संपलं. एकच गाव, पाच दिवस, आणि बेत आपला आपण करायचा असं ठरलं.

मग दर रविवारी सकाळी बैठक. मी मोबाईलवर नकाशा उघडायची, तात्या वही घेऊन बसायचे आणि आई चिंचोक्यांचा डबा. तिची पद्धत वेगळी होती. मी म्हणायची, पहिल्या दिवशी राजवाडा बघू, मग बाग. ती म्हणायची, थांब. पाणी कुठं हाय? बसायला कुठं हाय? मोरीला कुठं जायचं? तिच्या वाड्यात पुढचा मुक्काम ठरवताना हेच विचारायचे. आधी एक जाणता माणूस पुढं जाऊन पाणी आणि चारा बघून यायचा, मगच वाडा हलायचा. "बघायचं काय हाय ते मग. ते काय पळून जातंय?" मग मी नकाशावर नळ शोधायची, बाकडी शोधायची, स्वच्छतागृहं शोधायची. ती प्रत्येक जागेला शहाबादी फरशीवर एक चिंचोका मांडायची. स्टेशन, मग खोली, मग कार्डावरचा कालवा, मग पाण्याच्या कडेचा रस्ता. दोन महिन्यांत तिला ते शहर असं पाठ झालं की मीच चुकायची. "अगं, पुलाच्या आधी वळायचं," ती चिंचोक्यावर बोट ठेवून म्हणायची.

तिथं एक जुना गोल मनोरा आहे. त्याला पायऱ्या नाहीत, आतून वळत वळत चढ वर जातो, आणि पूर्वी म्हणे घोडासुद्धा वर गेला होता. हे ऐकून आई इतकी खूश झाली की जणू तिच्या गुडघ्यांसाठीच तो बांधला होता. पाण्यातल्या दगडावर बसलेल्या मुलीचा पुतळा मी मोबाईलवर दाखवला, तेव्हा मात्र तिनं मोबाईल हातात घेतला. "अंगावर धड कापड न्हाय. हिला कुणी न्यायला आलं न्हाय का?" दुसऱ्या दिवशी तिनं माहेरची काळी घोंगडी पेटीतून काढून उन्हात टाकली. तिकडं थंडी असती, ही घ्यायची. मी म्हटलं, आई, तितं स्वेटर चालतं. ती म्हणाली, स्वेटरावर निजता येतं का? जूनमध्ये तिकडं रात्री दहा वाजेपर्यंत उजेड असतो हे मी सांगितलं, तर तात्यांना वेगळीच काळजी. "मग त्या गाई संध्याकाळची धार कवा देत असतील?"

त्याच बैठकीत एकदा मी म्हणून गेले की खोली स्टेशनपासून जवळच आहे. आई हसायला लागली. "जवळ म्हणू नगंस. पावलं सांग." आणि तिनं ती गोष्ट सांगितली. ती सात-आठ वर्षांची असेल. घाटात वाडा चाललेला, पाय दुखायला लागलेले. तिनं तिच्या आईला विचारलं, किती लांब हाय? आई म्हणाली, ते काय, त्या वळणाच्या मागं. त्यांच्यात ही रीतच होती, चालणाऱ्याला खरं अंतर सांगायचं नाही. सांगितलं की माणूस मटकन खाली बसतं. आईनं ते खरं धरलं आणि ओच्यात बांधलेली अर्धी भाकरी खाऊन टाकली. त्या वळणामागं दुसरं वळण निघालं, त्याच्यामागं तिसरं. दिवस कलेपर्यंत ती उपाशी चालली. "तवापासनं कुणी जवळ म्हणलं की मी अर्धी भाकरी राखती."

"मग खरंच जवळ आलंय ते कसं कळायचं?" मी विचारलं.

"ते कळतंय की. तवा कुणी काय सांगतच न्हाय. समदी गप हुत्यात. घोडं आपणहून पाय उचलतंय."

मी हसले. गोष्ट गमतीची होती आणि आई ती फार छान सांगायची.

पासपोर्टचं निराळंच नाटक झालं. तात्यांचा जन्म एक जूनचा, कारण शाळेत घालताना गुरुजींनी आख्ख्या वर्गाचा जन्म एक जूनला लावला होता. आईचा एक जानेवारीचा, कारण आधार काढणाऱ्याला काहीतरी लिहायचं होतं. वर्षही त्यानंच अंदाजानं टाकलं. कागदावर आई तात्यांपेक्षा चार वर्षांनी मोठी निघाली. "मग आता तुमी मला आवजाव करा," ती म्हणाली आणि पुढं पंधरा दिवस तात्या खरंच तिला, अहो चहा द्या, असं म्हणायचे. माझा आणि तात्यांचा पासपोर्ट आला. आईचा कागदांत अडकला. आधी आधार दुरुस्त करा, मग पुन्हा अर्ज.

त्या दिवाळीत आईनं फराळ केला आणि स्वतः खाल्ला नाही. मग जेवण कमी झालं. मग डोळे पिवळे दिसायला लागले. बारामतीच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. पुण्यात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. आई बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टर चांगले होते, हळू बोलत होते. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला, ऑपरेशनचा उपयोग नाही. थोडे महिने.

बाहेर आलो तर तात्या पाण्याच्या कूलरपाशी थांबले. पेला भरून घेतला आणि प्यायलेच नाहीत.

"तिला सांगायचं न्हाय," ते म्हणाले.

"तात्या, तिचं तिला कळाया नगं का?"

"आपल्यात वाटंला अंतर सांगत न्हाईत. माणूस बसतंय. चालू दी तिला."

मी फटकळ. मी तोंडावर सांगणारी. मी गप्प बसले. पुढं मी पुष्कळदा स्वतःला सांगितलं की वडिलांच्या शब्दाखातर बसले. ते खरं नाही. तात्या तसं म्हणाले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, कारण सांगायचं काम माझ्याच वाट्याला आलं असतं.

परतीच्या गाडीत आईनं विचारलं, डॉक्टर काय म्हणलं? तात्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कावीळ हाय. पथ्य पाळायचं. जूनपतुर बरी होतीस."

"मग तिकिटं काढा की," आई म्हणाली.

आता त्या बेताला वेगळाच जोर आला. आजारी माणसाच्या घरात दुसरं बोलायला काही नसतं, आमच्याकडं कोपनहेगन होतं. आम्ही तास न् तास तेच बोलायचो. मी नवीन नवीन जागा शोधून आणायची, आई पडल्या पडल्या चिंचोके कुठं मांडायचे ते सांगायची. कालव्यावरच्या होडीत कुठल्या बाजूला बसायचं हेसुद्धा ठरलं. इतका बारीक बेत मी उभ्या जन्मात कशाचा केला नाही, आणि तो होणार नाही हे मला ठाऊक होतं.

त्याच दिवसांत आईनं एक नवं खूळ काढलं. तिकडं भाकरी कोण करणार? "माझा हात गारठ्यानं वळला न्हाय तर? ह्यांना भाकरीबिगर चालत न्हाय. ह्यांनाच शिकाया पायजे." मी म्हटलं, मी करीन. ती म्हणाली, तू फिरायला चाललीयास, तू फीर. आणि आयुष्यभर यंत्र चालवलेला माणूस परातीपुढं बसला. ती ओट्यावरच्या खाटेवर, तात्या दारात शेगडी घेऊन. "पाणी लई झालं. मळा, आजून मळा. उंडा तडकतोय, दिसतंय न्हवं? थापा, मारू नगा तिला." पहिली भाकरी तव्यापर्यंत पोचेतो तीन तुकड्यांत गेली. तात्यांनी कुत्र्याला घातली. आई पोट धरून हसली आणि मग दुखलं म्हणून गप्प झाली. रोज दोन भाकरी, नेमानं. भाकरी जमायला लागली तशी पिठलं शिकवलं, मग वरण. "तितल्या खोलीत डबं कसं लावायचं" म्हणून आपल्या स्वयंपाकघरातले डबे तिनं तात्यांना तीनदा उतरवून पुन्हा लावायला लावले. मला वाटायचं, बिचारी रमलीय. मी त्या दोघांचे फोटोही काढले.

आधार दुरुस्त झालं, नवा अर्ज गेला. तात्या म्हणाले अर्ज करायचाच, नाहीतर तिला शंका येईल. बारामतीच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात तिचा फोटो काढला तेव्हा ती इतकी ताठ बसली होती की तिथली मुलगी म्हणाली, आजी, जरा सैल बसा. मग चौकशीला पोलीस घरी आला. आई चांगलं लुगडं नेसून खुर्चीत बसली. त्यानं विचारलं, परदेशात कशासाठी जाताय?

"जेवाया बोलवलंय," आई म्हणाली.

त्यानं तिच्या पिवळ्या डोळ्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी मान खाली घातली. त्यानं अंगठा घेतला, चहा घेतला आणि जाताना, होईल लवकर, एवढंच म्हणाला.

फाल्गुन लागला आणि आईचं जेवण दोन चमचे पेजेवर आलं. तेव्हाच कधीतरी आम्ही बोलायचे थांबलो. ठरवून नाही. एका रविवारी मी नकाशा उघडला नाही, तात्यांनी वही काढली नाही. पुढच्या रविवारीही तसंच. जूनचं नाव तोंडातून निघेना. चिंचोक्यांचा डबा फडताळात गेला.

मी रजा टाकली होती. दुपारची वेळ, ऊन मरणाचं, आणि आई ओट्यावर घोंगडी पांघरून पडलेली. तात्या औषधं आणायला अंथुर्ण्याच्या चौकात गेले होते. मी तिच्या पायांशी बसून लसूण सोलत होते. मला वाटलं तिला डोळा लागलाय.

"कोपनहेगनचं कुणी बोलत न्हाय आता," ती म्हणाली.

"बोलू की आई. तुला जरा बरं वाटू दी."

"म्हंजी आलं जवळ."

माझ्या हातातली पाकळी तशीच राहिली. मला त्याच क्षणी सगळं कळलं. समदी गप हुत्यात, घोडं आपणहून पाय उचलतं. आम्ही ज्या बाईपासून अंतर लपवत होतो, ती अंतर लपवणाऱ्यांतच लहानाची मोठी झाली होती. एवढी साधी गोष्ट आम्हा दोघांना चार महिन्यांत सुचली नव्हती.

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिचा चेहरा शांत होता. "ह्यांना इचारलं तर त्ये मोडत्याल. तू खरं सांगतीस. सांग, किती राह्यलं?"

आणि मी म्हणाले, "कायतरीच काय बोलतीस आई! जूनला आजून तीन महिनं हायत. ठणठणीत हुशील तू."

मग तिनं हात काढून माझ्या हातावर ठेवला, लसणाच्या सालींसकट, आणि थोपटलं. "बरं," ती म्हणाली. मी घाबरलेय हे तिला कळलं होतं आणि ती माझी समजूत काढत होती. मग तिनं कूस बदलली.

दुसऱ्यांच्या दुधातलं पाणी चारचौघांत दाखवणारी मी, आणि माझ्या आईनं मला एकच गोष्ट निर्भेळ मागितली होती. ती मी दिली नाही. मी खरं सांगितलं असतं तर ती पुढं काय बोलली असती? तिला काहीतरी सांगायचं असणार, कुणाला तरी भेटायचं असणार, वरकुट्याला एकदा जायचं असेल, माझ्याविषयी काही असेल. ते आता कधीच कळायचं नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. नवव्या दिवशी सकाळी ती गेली.

तेरावा व्हायच्या आत पासपोर्ट आला. तात्या ओट्यावर पाव्हण्यांत बसले होते. पोस्टमन नवा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. त्यानं आईचं नाव विचारलं आणि म्हणाला, हे ज्यांचं त्यांच्याच हातात द्यावं लागतं.

"ती न्हाय," तात्या म्हणाले.

"मग उद्या येऊ का?"

"उद्या बी न्हाय."

पोस्टमननं एकदा बसलेल्या माणसांकडं पाहिलं, एकदा तात्यांच्या बोडक्या डोक्याकडं, आणि त्याला समजलं. त्यानं चप्पल काढली. मी पुढं होऊन म्हटलं, आत तिचा फोटो आहे, तेवढा बघू का? तो म्हणाला, ताई, फोडता येत नाही, परत पाठवावा लागेल. पण त्यानं पाकीट माझ्या हातात दिलं, आणि मी परत करीपर्यंत तो दारातल्या कडुलिंबाखाली उभा राहिला. मी ते दोन्ही हातांत धरून बसले. पातळ होतं. मग उठून देऊन टाकलं.

पाव्हणे गेले. घरात आम्ही दोघं उरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले ती थापण्याच्या आवाजानं. थप, थप, थप. अर्धवट झोपेत मला वाटलं आई. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बघितलं तर तात्या परातीपुढं बसले होते. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, निखाऱ्याच्या बाजूला उभी केली. ती टम्म फुगली. त्यांनी कोणता डबा कुठं आहे ते न बघता मिठाचा डबा काढला. मी दारातच खाली बसले. आई म्हणाली होती, कुणी जवळ म्हणालं की मी अर्धी भाकरी राखती.

"तात्या," मी म्हटलं, "ती तुमाला तिकडल्यासाठी न्हवती शिकवत."

"ठावं हाय मला. तिसऱ्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का न्हाय तिला?"

ते दुसरा उंडा मळत होते. "ती शिकवत व्हती, मी शिकत व्हतो. बोललो असतो तर दोघांचा बी हात थांबला असता."

म्हणजे त्या दोघांचं बोलून झालं होतं. रोज दोन भाकऱ्यांएवढं, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी फोटो काढत होते. आमच्या घरात न बोललेली एकटी मीच राहिले, सगळ्यांत तोंडाळ म्हणून नाव असलेली.

पुढच्या वर्षी वैशाखात तात्यांनी एका रविवारी आपणहून वही काढली. मी फडताळातून डबा आणला. चिंचोके पहिल्यांदाच मी मांडले, पण वाट मला पाठ होती. पुलाच्या आधी वळायचं. नळ, बाकडं, मोरी. बेत तिचाच ठेवला, त्यात काही बदललं नाही. होडीतही तिनं ठरवलेल्या बाजूलाच बसायचं. घोंगडी एका बॅगेत बसली आणि त्या बॅगेत मग दुसरं काही बसलं नाही. तात्या म्हणाले, त्या दगडावरच्या पोरीपाशी घोंगडी टाकून घटकाभर बसू.

निघायच्या दिवशी सकाळी गाडी दहाला येणार होती. मी खिळ्यावरचं पोस्टकार्ड काढून पासपोर्टांबरोबर ठेवलं. भिंतीवर त्याच्याएवढा एक स्वच्छ चौकोन उरला. तात्या वाटेसाठी भाकरी करत होते. चार झाल्या होत्या, पाचवी तव्यावर होती, परात रिकामी झाली होती.

"किती लांब हाय गं?" त्यांनी मागं न बघता विचारलं.

तोंडावर आलं होतं, जवळच हाय तात्या, विमानात बसलं की झालं. मी ते गिळलं.

"लई लांब हाय तात्या," मी म्हणाले. "हितनं मुंबईपतुर गाडीनं पाच-सहा तास. तितं चार तास बसायचं. मग विमान, ते मधी एका ठिकाणी उतरवतंय. तितं पुन्ना बसायचं. मग दुसरं विमान, मग रेल्वे, मग चालायचं. खोलीवर पोचायला उद्याची दुपार हुईल. आन् तुमाला लई थकायला हुईल."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तव्यावरची भाकरी उलटली.

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले, आणि पिठाच्या डब्याचं झाकण पुन्हा उघडून त्यांनी परातीत आणखी दोन मुठी पीठ घेतलं.